खिशात ठेवायचं रिव्हॉल्वर

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबा खरंच बंदूक घेणार होते का? म्हणून खरं काय ते लिहिते.

कोलशेतच्या कारखान्याच्या वादावरून आजोबांना धमक्या यायच्या. परवाना मिळाल्यावर आम्ही ठाण्यातल्या शस्त्रांच्या एका दुकानात बऱ्याच खेपा घातल्या. दुकानदार बोलताना मध्येच 'बरं का' म्हणायचा आणि आम्ही हात लावलेलं हत्यार लगेच पिवळ्या फडक्याने पुसायचा. शेवटी आजोबांना पॉइंट बावीसचं छोटं रिव्हॉल्वर आवडलं. दुकानदाराने ते रिकामं असल्याचं दाखवून त्यांना खिशात ठेवायला दिलं, मग बसायला आणि वाकायला लावलं.

"कळतसुद्धा नाही!" आजोबा खूश झाले.

"घरात लहान कोण आहे?" त्याने मला विचारलं.

"नातवंडं येतात सुटीत. आली की आधी यांच्या खिशात हात! चॉकलेटं असतात ना."

त्याने हात पुढे केला. "साहेब, द्या ते परत."

"अहो, परवाना आहे माझ्याकडे!"

"परवाना तुमचा आहे. खिसा त्यांचा आहे, बरं का."

त्याने रिव्हॉल्वर पुसून कपाटात ठेवलं.

आजोबा त्याच्यावर अजून चिडलेले आहेत आणि त्या धमक्यांची माझी भीतीही गेलेली नाही. तो खिसा मात्र अजून तुमचाच आहे.