गणपतीपर्यंतचा सिनेमा क्लब

ऑनलाइन सिनेमा क्लब चालवणाऱ्याकडे चर्चेपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मित्रमंडळी जमली की मला तेच सांगायला लावतात. त्यांना हसू येतं. मला तेव्हा येत नव्हतं.

कारण मुदत होती. दिल्लीत सिनेमा शिकून मी रत्नागिरीला परतले, ती गावोगावच्या लोकांना चांगल्या सिनेमांवर बोलतं करायचंच, असं ठरवून. हार्डवेअरचं दुकान चालवणारे बाबा म्हणाले, "गणपतीपर्यंत बघ. लोक नाही टिकले, तर दिल्लीची नोकरी धर."

•

आठवडाभर आधी ग्रुपवर सिनेमाची लिंक टाकायची आणि रविवारी पाचला चर्चा, असा बेत. पहिल्या रविवारी मी विचारलं, "कसा वाटला?"

स्क्रीनवर सगळ्या काळ्या चौकटी. मी पुन्हा विचारलं. शेवटी लांज्याचा माझा मावसभाऊ प्रकाशदादा म्हणाला, "बरा होता."

संपली चर्चा!

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. आई म्हणाली, "अगो, स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही तो 'बरं होतं'च म्हणाला होता."

•

पुढच्या वेळी मी प्रकाशदादालाच आधी बोलायला लावलं.

"दुप्पट वेगाने बघितला. दोन तासांचा सिनेमा तासात उरकला."

"अरे, असं कुणी बघतं का? कसा वाटला पण?"

"जरा संथ आहे."

•

मंडणगडच्या सावंत गुरुजींच्या घरात रेंज नाही. ते टेकाडावरच्या आंब्याखाली उभे राहून बोलतात. एकदा नायिकेच्या एकटेपणावर छान रंगले होते, तोच ओरडले, "थांबा, माकडं आली!" आणि गायब.

मी फोनवर फोन लावतेय. लागेना. त्यांचं वय, तो उतार... यांना काही झालं तर घरच्यांना काय तोंड दाखवू?

बऱ्याच वेळाने धापा टाकत आवाज आला. "हां, तर तिचा एकटेपणा. मला आत्ताच नीट कळला."

•

सुमनकाकी मिरकरवाड्याच्या. नवरा आणि मुलगा मासेमारीच्या बोटीवर. एका सिनेमात नायक शेवटी समुद्रात बुडतो. त्या मृत्यूचा अर्थ काय, यावर मी बोलत होते. काकींनी मध्येच माईक उघडला.

"कोण मेला?"

"नायक, काकी."

"वादळ येताना दिसलं नि मी फोन बंद केला गो. तुमचा मेला असेल. माझा आहे."



•

गणपतीआधीचा शेवटचा रविवार. घराघरांत साफसफाई, मुंबईकर यायला लागलेले. कोण येणार, या धास्तीने मी चारपासूनच स्क्रीनसमोर बसले. पाचला मोजकी मंडळी आली. मी "नमस्कार" म्हटलं आणि लाईट गेली. वायफाय गेलं. माझा फोनही चार्जिंगअभावी बंद.

संपलं, असं वाटलं. दिल्लीची बॅगसुद्धा डोळ्यांसमोर आली. आईचा फोन घेऊन रेंजसाठी गल्लीच्या टोकाला पळाले. एव्हाना सगळे निघून गेले असणार. तरी ग्रुपवरची चर्चेची लिंक उघडली.

आत कडाक्याचं भांडण चालू होतं. मी गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गुरुजी नायकाच्या बाजूने, काकी विरुद्ध. प्रकाशदादा चक्क सिनेमा दोनदा बघून आला होता. आणि सगळ्यांच्या वर एक आवाज, "तुम्ही त्या बापाची बाजू बघतच नाही!"

मी चाचरत "हॅलो" म्हटलं. स्क्रीनवर नाव आईचं आलं असणार.

तो आवाज एकदम खाली आला.

"अगो, चहाला थांबू नको," बाबा म्हणाले. "दुकानात गिऱ्हाईक आहे."