थोरल्या भाऊजींचं व्होल्टेज

जगात उजेडाचे मालक दोनच. एक वर तळपणारा सूर्य आणि दुसरे आमचे थोरले भाऊजी. त्यातही सूर्य रोज भाऊजींना विचारूनच उगवत असावा, अशी मला बरीच वर्षं शंका आहे. भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे मोठे भाऊ. वीज खात्यात लाइनमन होते. भोकर आणि उमरीच्या शिवारात ते चढले नाहीत असा खांब नसेल. रिटायर होऊन नांदेडच्या घरी आले तेव्हा खांब मागे राहिले, म्हणून त्यांनी आमची बटणं धरली. मी भाकरी थापत असले तरी मागून येऊन टक्कन दिवा बंद. "बाहेर एवढा दिवस हाय. सूर्य काय बिनकामाचा ठेवलाय का?" न्हाणीघरात माणूस आहे की नाही हे ते बघत नाहीत, दिवा चालू आहे एवढंच बघतात. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं एकदा तरी तोंडाला साबण लावून अंधारात आरडाओरडा केलेला आहे. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का, याची तर त्यांना इतकी काळजी की एकदा दार बोटभर उघडं ठेवून ते दुपारभर आत डोकावत बसले. बर्फाचं पाणी होऊन फरशीवर आलं, पण भाऊजींचं समाधान झालं नाही. "बोटभर उघडं हाय म्हणून चालू दिसून राहिलं. पूर्ण लावल्यावर काय करतं ते कुणी बघितलंय?"

आता अशा माणसाला घरातल्या बाईनं चार शब्द सुनवायला हवेत. पण मोठ्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोनं तोंडावर बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आधी निरोप न्यायला सासूबाई होत्या, मग जाऊबाई होत्या. दोघी गेल्या आणि निरोप न्यायला मनी उरली. मनी म्हणजे आमची मांजर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घडी घातलेल्या पोत्यावर तिची जागा. तिच्या अलीकडे मी, पलीकडे जेवायला बसलेले भाऊजी, आणि आमचं सगळं बोलणं तिच्या कानावरून जायचं.

"मने, आज वरणात मीठ टाकायचं कुणी इसरलं का गं?" भाऊजी विचारायचे.

"मने, डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय म्हण," मी पदर सावरून सांगायची.

"मने, तो डॉक्टर हाय का इथं जेवायला?"

आमचे हे मधे बसून मुकाट जेवायचे. एकदाच म्हणाले, "मला बी जरा मांजरात घ्या, म्हणजे माझ्याशी बी कुणीतरी बोलंल."

भाऊजींची लेक वर्षा पुण्याला नोकरीला आहे. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बापाला दिला, रोज संध्याकाळी तोंड बघून बोलता यावं म्हणून. जाताना सांगून गेली की अक्षरांच्या खाली दिवा आहे, अंधारात लावत जा. कसा लावायचा ते सांगायचं मात्र राहिलं, आणि भाऊजींनी विचारलं नाही. ज्यांनी गावंच्या गावं उजेडात आणली ते पोरीला विचारणार, की दिव्याचं बटण कुठं आहे? त्यांनी लॅपटॉप पालथा घातला. खालच्या भोकांत फुंकर मारली. भिंतीतला प्लग काढून पाहिला, टेस्टर लावून पाहिला. "मने, बिनबटणाचा दिवा जगात नसतो. कुणीतरी लपवून ठेवलंय," म्हणत ते रोज नव्यानं शोधायला बसायचे. पण एकेक बटण दाबून बघायची त्यांची तयारी नव्हती. न विचारता बटण दाबणाऱ्या माणसांची काय गत होते हे त्यांनी नोकरीत पाहिलेलं होतं.

मला कसली भीती असणार? मी फडक्यानं धूळ पुसत होते. वरच्या ओळीत एका बटणावर बारीक चौकोन आणि त्याला किरणं काढलेली आहेत, त्यावर फडकं दाबलं गेलं आणि अक्षरं चांदण्यासारखी उमलली. भाऊजी जेवायला आल्यावर मी म्हटलं, "मने, वरच्या ओळीत किरणांचं चित्र हाय म्हणं. त्याच्यावर बोट ठेवलं की लागतंय."

भाऊजींचा घास हातातच राहिला. जेवण टाकून ते लॅपटॉपकडे गेले, दिवा लावला, आणि दिवेलागणीची वेळ होती म्हणून त्या उजळलेल्या अक्षरांना हात जोडले. जरा वेळानं लॅपटॉपवर वर्षानं विचारलं, "बाबा, सापडला का लाइट?"

"हाव. मनीनं दाखवला."

तिकडे पुण्यात पोरगी हसून हसून लोळली. इकडे मनीला त्या दिवशी दुधाची जास्तीची बशी मिळाली.

त्या दिव्यावर मग भाऊजींचं प्रेमच बसलं. बटण एकदा दाबलं की मंद, दुसऱ्यांदा पूर्ण, तिसऱ्यांदा बंद. भाऊजी मंदच ठेवायचे. पूर्ण दिवा फक्त लग्नकार्याला, असं त्यांचं मत. आणि थोडा वेळ हात लावला नाही की तो दिवा आपोआप निजायचा, हे पाहून तर त्यांचे डोळे भरून आले. "बघ मने, ही खरी शिस्त. या घरातल्या माणसांपरीस मशीन शहाणं हाय." पाहुण्यांना आता चहाच्या आधी हा दिवा निजताना दाखवला जाऊ लागला. सगळ्यांनी हात मागे घेऊन, श्वास रोखून बसायचं. कुणी चुकून बटणाला बोट लावलं तर पुन्हा पहिल्यापासून.

नंतर केव्हातरी मंद दिवा पूर्ण झाला. मग दिवसाढवळ्या पूर्ण. मग त्याहून जास्त हवा म्हणून भाऊजी आणखी एकदा बटण दाबायचे, आणि दिवा विझायचा. "व्होल्टेज न्हाई!" ते ओरडायचे. "गल्लीतच व्होल्टेज कमी झालंय!" ऑफिसात जाऊन भांडून आले. वायरमन आला, मीटर लावून म्हणाला, "काका, व्होल्टेज फुल हाय." भाऊजी म्हणाले, "मग तुझं मीटर खराब हाय." मला विजेतलं काही कळत नाही. पण लॅपटॉप तेव्हा बॅटरीवर चालू होता, प्लग तर भाऊजींनीच काढून ठेवलेला होता, हे मला दिसत होतं. आणि त्याच आठवड्यात ओसरीवरचा दिवा भर दुपारी चालू राहिला. भाऊजी त्याच्या खालून गेले. परत आले. पुन्हा गेले. त्यांनी बटणाला हात लावला नाही. त्यांना तो दिसतच नव्हता.

जेवताना मी म्हटलं, "मने, एकदा डोळे दाखवून यावं म्हण."

भाऊजींनी हातातली भाकरी ताटात परत ठेवली. मग म्हणाले, "मने, डोळे गेले म्हणलं की पोरगी पुण्याला नेती. तिथं सोळाव्या मजल्यावर मी काय करू? खालचा खांब बी दिसत न्हाई वरून." ते ताटावरून उठले. मनीनं अंग चाटलं. आमच्या यांनी डोळे दाखवायचा विषय काढला, तर त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

मग एका संध्याकाळी स्वयंपाकघराचा फ्यूज गेला. हे बाहेर होते. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि जुन्या खोल्यांचं एक मेन आणि नव्या खोल्यांचं एक, शेजारीशेजारी. जुन्या मेनच्या बोर्डावर बारीक लाल दिवा आहे. तो विझला म्हणजे हात घालायचा, ही भाऊजींची उभ्या जन्माची पद्धत. त्यांनी खटका ओढला, मान वर करून लाल दिव्याकडे बघितलं, "बंद," म्हणाले आणि फ्यूज काढून आत बोटं न्यायला लागले. मी उंबऱ्यात उभी होते. लाल दिवा लख्ख चालू होता. त्यांनी नव्या खोल्यांचा खटका ओढला होता. मनी पोत्यावर नव्हती, कुठं उंडारायला गेली होती कोण जाणे.

"भाऊजी! हात काढा! मेन चालू हाय!"

एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं. भाऊजींनी हात मागे घेतला. पदर खांद्यावर आलेला, तोही मला सावरायचं सुचलं नाही. त्यांनी सवयीनं खाली पोत्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी जिकडे असेन असं वाटलं तिकडे.

"लाल दिवा चालू हाय?"

"हाव, भाऊजी."

"मग व्होल्टेज..."

"व्होल्टेज बरोबर हाय, भाऊजी. पहिल्यापासून बरोबर हाय."

ते खुर्चीवर बसले. बोटं पंचाला पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "वर्षाला फोन लाव, बाई. पण पुण्याचं न्हाई म्हणावं."

लातूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वर्षा आली, रडली, भांडली, आणि बापाला आमच्याकडेच ठेवून गेली. काळा चष्मा उतरला त्या दिवशी भाऊजींनी आधी लॅपटॉप उघडला. अक्षरं पूर्ण उजेडात होती. ते दचकलेच. "केवढी ही फिजूलखर्ची! कोण ठेवलं हे फुल करून?" बटण दाबत दाबत त्यांनी दिवा मंदावर आणला आणि तिथून उठून ओसरीवरचा, न्हाणीघरातला, देवळीतला, सगळे दिवे बंद करत घरभर हिंडले. आतून पाहुणा ओरडला तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढे रीत पुन्हा जागेवर आली. पदर डोक्यावर आला, बोलणं मनीकडून जाऊ लागलं. थंडीच्या दिवसांत मनी म्हातारपणानं गेली. तिचं पोतं उचलायचं माझ्या हातून होत नाही, आणि भाऊजींनीही उचला म्हटलेलं नाही. आम्ही अजून तिच्याशीच बोलतो. दुसऱ्या कुणाशी बोलायचं ते आम्हाला ठरवता आलेलं नाही. आत्ता मी ओट्याशी दिव्याखाली बसून हे लिहिते आहे. बाहेर अजून पुरता अंधार नाही. भाऊजी बटणाशी आले, हात वर गेला, आणि तसाच थांबला.

"मने," ते रिकाम्या पोत्याला म्हणाले, "राहू दे म्हण. कुणाचं तरी काम चालू हाय."