रोलिंग मिल्सवाले

बँड मोडला की वाद्यं विकली जातात, माणसं आपापल्या कामाला लागतात. किस्से मात्र कुणी विकत घेत नाही. ते तसेच पडून राहतात आणि आम्ही जुने दोघं-तिघं चहाला बसलो की वाढत जातात. आम्ही वाजवलं त्यापेक्षा सांगण्यासारखंच जास्त साठलंय!

आम्ही चौघं होतो. डॅनियल लीड गिटारवर, चर्चमध्ये वाजवून हात तयार झालेला. सलीम ड्रमवर, त्याच्या अब्बांचा लग्नाचा ब्रासबँड होता. गायला भीमराव, एमआयडीसीतल्या लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला. आणि बेस गिटारवर मी, दिवसा बियाण्यांच्या गोदामात पोती मोजणारा. ऐंशीच्या दशकात, जालन्यात बसून, परदेशातल्या एका जुन्या रॉक बँडची गाणी हुबेहूब वाजवायची असं आम्ही ठरवलं होतं. 'हुबेहूब' हा शब्द डॅनियलचा!

*

भीमराव मिलमधला, म्हणून बँडचं नाव 'रोलिंग मिल्स'. पेंटरकडून मोठा कापडी बोर्ड रंगवून घेतला आणि पहिल्याच कार्यक्रमाला कॉलेजच्या मैदानावर टांगला.

आम्ही तारा जुळवतोय तोच परतूरकडचा एक तरुण आला. हात जोडले. "साहेब, भरती चालू हाय का?"

सलीमला वाटलं, वादक आहे. "क्या बजाता?"

"वाजवत काई न्हाई. बारावी आर्ट्स हाय."

आम्ही पोट धरून हसलो. भीमराव हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या तरुणाला मिलमध्ये नेलं, मुकादमापुढं उभं केलं आणि चिकटवूनच बाहेर आला.

आमच्या बँडमुळं पक्की नोकरी लागलेला तो एकटाच!

*

भीमरावाला इंग्रजी येत नव्हतं. टेपला कान लावून तो एकेक ओळ उचलायचा. एकदा इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्याला गाठलं. "अरे, अर्थ तरी कळतो का तुला?"

"अर्थ तुमच्याकडं राहू द्या सर. आवाज माझ्याकडं हाय."

*

आमची सगळी शाळा म्हणजे डॅनियलच्या मामांनी आखातातून आणलेली एक कॅसेट आणि त्यांच्याच घरचा टेपरेकॉर्डर. पुढं काही वर्षांनी औरंगाबादहून एक पाहुणा आला, आमची तालीम ऐकली आणि म्हणाला, "छान वाजवता. पण एवढं सावकाश का?"

त्यानं स्वतःच्या टेपवर तेच गाणं लावलं. आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. मामांच्या टेपचा पट्टा ढिला होता! वर्षानुवर्षं आम्ही प्रत्येक गाणं संथ आणि खालच्या सुरात बसवलं होतं.

डॅनियल डोकं धरून बसला. भीमरावानं मात्र डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मग म्हणाला, "त्यांना घाई झाली आसंल. आपल्याला कुठं जायचंय?"

गाणी आम्ही तशीच ठेवली.

*

वाटूरच्या एका लग्नात 'बँड' सांगितला होता. आम्ही पोचलो तर नवरदेवाचे काका म्हणाले, "चला, घोडीपुढं व्हा."

डॅनियल म्हणाला, "काका, याला वायर असते. चालता येत नाही."

"मंग वायर सोडा की!"

शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर, स्पीकर आणि आम्ही चौघं चढलो. आमच्याकडं होती ती गाणी वाजवली. वरात जोरात, काका घामाघूम होऊन नाचतायत. डॅनियलची मान मात्र शरमेनं वर होईना.

मांडवात काकांनी मला विचारलं, "गाण्यात काय म्हणून राह्यला व्हता तो?"

मी खरं ते सांगितलं. "बाई घर सोडून निघून गेली. तो दारात उभा आहे."

काकांनी घाम पुसला. "आरं, मंग हे घोडीपुढं कामून वाजवलं? पाठवणीला वाजवा!"

वाजवलं. तोवर ताठ उभा असलेला नवरीचा बाप ट्रॉलीची कड धरून हुंदके देऊन रडला. एक शब्द त्याला कळत नव्हता.

परतताना डॅनियल वायर गुंडाळत होता. मग म्हणाला, "आज पहिल्यांदा कुणीतरी गाणं ऐकलं."

*

नव्वद सालाच्या शेवटी भीमरावाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

"बस. अब नहीं बजाना," सलीम म्हणाला, आणि कित्येक महिने आम्ही वाद्यांवरची धूळही झटकली नाही.

मग भीमरावाच्या गावाहून, हसनाबादहून, कार्यक्रमाचं बोलावणं आलं. डॅनियल नाही म्हणायला निघाला तेवढ्यात भीमराव गोदामात आला. माझ्या टेबलावर बोटांनी एका गाण्याचा ठेका धरला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी नाही म्हणू शकलो नाही.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सगळं गाव जमलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भीमराव स्टेजवर चढला, नेहमीच्या जागी उभा राहिला आणि माईक आपल्या उंचीला लावून घेतला. आम्ही सुरुवात केली. ओळ आली की तो बराबर ओठ हलवायचा. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या.

साउंडवाला बाहेरगावचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो धावत वर आला, "हॅलो, हॅलो" करून दुसरा माईक लावला. भीमरावानं मान हलवून त्याचे आभार मानले आणि पुढची ओळ धरली.

साउंडवाल्यानं खाली जाऊन सगळी बटणं फिरवून पाहिली. वायरी काढल्या, परत लावल्या. अखेर वैतागून लोकांकडं वळला आणि ओरडला, "ओ, मागच्यांना गाण्याचा आवाज येऊन राह्यला का?"

लोक खाली बघू लागले. आमचे हात कसेबसे चालू.

बायकांच्या बाजूला भीमरावाची आई उठून उभी राहिली. पदर सावरला.

"येऊन राह्यला," ती म्हणाली. "चालू द्या."