ताळा राहिलेलं उत्तर

रामकिसन सरांना गेवराईत सगळे ‘ताळेवाले सर’ म्हणायचे, अर्थात पाठीमागं. वर्गमुळाचं समीकरण फळ्यावर आलं की सर खडू उगारायचे. “दोन्ही बाजूंचा वर्ग केला की मूळ सुटतं रे. पण खऱ्या उत्तराच्या पाठीमागं लपून एक भामटंबी आत घुसतं, पंगतीत बिनबोलावलेला बसतो तसं. उत्तर परत समीकरणात घालून बघा. बसलं तर ठेवा, न्हाई बसलं तर हाकला.” पोरं खिदळायची आणि ताळा न करताच वह्या मिटायची. करायची ती एकटी त्यांची लेक सुकन्या. भाकरी थापतानासुद्धा तोंडी करायची.

सर संस्थाचालक सुंदररावनानांच्या शाळेवर होते. शाळा विनाअनुदानित, आणि सरांना कायम करायचा शब्द इतका जुना, की तो दिल्याचं नानांनाही आठवत नसावं. त्या शब्दापायी सर दर मार्चात एक काम करायचे, वर्गात सांगता न येण्यासारखं. दहावीच्या केंद्रामागं पत्र्याची एक खोली होती. पेपर सुरू झाला की प्रश्नांचा फोटो मोबाइलवर यायचा. सर सोडवायचे, झेरॉक्स निघायच्या आणि खिडक्यांतून आत जायच्या.

यंदा सुकन्या त्याच केंद्रावर होती. सरांनी आदल्या दिवशी नानांपुढं हात जोडले.

“नाना, एवढं ऐका. माझ्या पोरीच्या बाकावर चिठ्ठी पडू देऊ नका. तिचं तिला येतंय. निदान ती तरी यातनं बाहेर राहू द्या.”

“लई तत्त्वाचे हो सर तुमी!” नाना पोट हलवत हसले. “बरं, सांगतो पोरांना.”

बीजगणिताच्या पेपरात शेवटी आलं √(x + 7) = x − 5. सरांनी वर्ग केला, अवयव पाडले. नऊ आणि दोन. ताळ्यासाठी पेन टेकवतात तोच नानांनी कागद ओढला.

“ताळा राहिलाय, नाना.”

“ताळा घरी करा. भरारी पथक उमापूरहून निघालंय.”

तो ताळा सरांनी घरी जाताना गाडीवर केला. नऊ बसले : सोळाचं मूळ चार, नऊ वजा पाचही चार. दोन घातले, तर डावीकडं तीन, उजवीकडं वजा तीन. भामटं आत घुसलं होतं, आणि तेही सरांच्या हातून, अख्ख्या केंद्राच्या उत्तरपत्रिकांत. सरांना हसूच फुटलं. सगळं केंद्र एकच चूक करून बाहेर येणार, एक सुकन्या सोडून. बऱ्याच वर्षांनी त्यांनी वाटेत थांबून पेढे घेतले.

सुकन्या ओट्यावर बसून बूट काढत होती.

“शेवटचं आलं का गं?”

“आलं की. नऊ आणि दोन.”

सरांच्या हातातला पुडा तसाच राहिला. “दोन बसतंय का?”

“न्हाई बसत. मी खोडलं व्हतं, अण्णा. मग चिठ्ठी आली. नानांचा माणूस म्हणला, सरांच्या पोरीला झेरॉक्स कशाला, असल कागद घे. अक्षर तुमचं. म्हणलं, अण्णांनी ताळा केल्याबिगर लिवलं नसंल. माझंच कायतरी चुकलं असंल. मग परत लिवलं.”

सर खाली बसले. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवत म्हणाले, “तुझं बरोबर होतं.”

सुकन्यानं बापाकडं नीट पाहिलं. रडली नाही, चिडलीही नाही. दुसरा बूट काढला, दोन्ही भिंतीला लावून ठेवले, आणि रोजच्याच आवाजात म्हणाली,

“मग परवा भूमितीची चिठ्ठी तरी नीट बघून द्या.”