हुरड्यासाठी आणलेला अशक्तपणा

आमची नात जिमला जाते आणि घरी येऊन सोफ्यावर पडून म्हणते, "आज्जी, वीकनेस आलाय." आमच्या तरुणपणी अशक्तपणा यायचा. मला तर तो मुद्दाम आणावा लागला.

लग्नाचं पहिलंच वर्ष. सासर कुंभारीचं, माहेर मंगळवेढ्याचं. तिकडं ज्वारी हुरड्यात आलेली, आणि दाणा टणक व्हायच्या आत मला तिथं पोचायचं होतं. पण नुसत्या हुरड्यासाठी सुनेला माहेरी कोण धाडतंय? म्हणून मी अंथरूण धरलं.

"आत्या, मला अशक्तपणा आलाय," मी सासूबाईंना म्हणाले. वर मॅट्रिकचा दिमाख, "अ म्हणजे नाही, शक्त म्हणजे ताकदवान. संस्कृत आहे ते."

सासूबाई दुधनीकडच्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माज्या माहेरात कानडीत सुस्तू म्हणत्यात. हितं गळाठा. हातपाय गळत्यात, म्हणून गळाठा. पर पोरी, तुजा आवाज लई खणखणीत हाय की!"

मी लगेच आवाज बारीक केला. एवढी मी हुशार!

"माहेरी गेले की बरं वाटेल," मी कण्हले.

"व्हय? मग एकटी कशी सोडू? यष्टीत चक्कर आली म्हंजे?"

आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन माझ्याआधी त्याच गाडीत चढल्या.

माहेरच्या शेतात आगटी पेटलेली. निखाऱ्यात भाजलेली कणसं आई तळहातावर चोळत होती. कोवळा, हिरवा, वाफाळता दाणा! मी हात पुढं केला. सासूबाईंनी तो मोठ्या मायेनं धरून खाली ठेवला.

"विहीणबाई, हिला नगा देऊ. अशक्त हाय. जड पडंल. पेज करा तिला."

सख्ख्या आईनं खरंच तांदळाची पेज केली. मी पाण्यासारखी फुळुक पेज पीत बसले आणि समोर सासूबाई शेंगाच्या चटणीबरोबर हुरड्याचे बकाणे भरत होत्या. मधेच विचारायच्या, "बरं वाटतंय का गं?"

शेवटी राहवेना. पेज बाजूला सारली, आगटीतलं कणीस ओढलं, हात पोळत चोळलं आणि तोंड भरून घेतलं.

"आली बगा शक्ती!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "विहीणबाई, तुमच्या हवेचा गुण. उद्या सकाळच्याच यष्टीनं जातो आमी दोघी."

मी दुसरं कणीस उचललं. यष्टी सकाळी होती. रानात ज्वारी अजून उभी होती.