मुअल्लिम दाहिर आणि तुतीचं मूळ

मुअल्लिम दाहिर,

तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. चर्चमध्ये तुमच्या नावाची प्रार्थना झाली. तुमच्या मत्तीलनं सगळ्यांना कडू कॉफी पाजली. तुमच्या हयातीत ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तो नखले दुकानदार 'काय हात होता माणसाचा!' म्हणत डोळे पुसत होता. मी उठून चालती झाले. खोटं मला सोसत नाही, असं मी जन्मभर सांगत आले आहे. ते कितपत खरं आहे हे एकट्या तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत.

तर आता ऐका. मध्ये बोलू नका. तशी तुम्हाला सवय नव्हतीच म्हणा.

अफीफानं इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्या बायकांना ती आजवर हसत आली होती. बैरूतच्या कॉलेजात शिकलेली, मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं अर्धं तीच पुरं करून टाकायची. अफीफाबाईंना पाणी उकळेपर्यंत दम निघत नाही म्हणून त्या कॉफी कोमटच पितात, असं गावात म्हणत. ते खोटंही नव्हतं.

आणि दाहिर म्हणजे एका खड्ड्यापाशी चार-चार दिवस बसणारा माणूस.

डोंगरातल्या या गावात सपाट जमीन म्हणून जी काही आहे ती टप्प्याटप्प्यानं बांधांनी धरून ठेवलेली. बांध सुटला की तुमची बाग खालच्याच्या अंगणात. हे बांध घालणारा तो मुअल्लिम. आणि चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या दगडावर दगड बसवून घालायचे म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. दाहिरचा बाप खाणीत दगड फोडायचा. अकराव्या वर्षी पोराच्या हातात त्यानं पहार दिली ती शेवटपर्यंत सुटली नाही. लढाईच्या वर्षांत भाऊ अर्जेंटिनाला गेला, 'तूही चल' म्हणाला. "तिकडे डोंगर आहे का?" दाहिरनं विचारलं. भाऊ म्हणाला, नाही, सगळं सपाट. "मग तिथं मला कोण विचारणार?" एवढं बोलून हा पुन्हा कामाला लागला.

त्याचं सगळं लक्ष भिंतीच्या पायात. वरची भिंत काय, ती कुणीही रचतो, म्हणायचा. आधी चर खणायचा, माती संपून खडक लागेपर्यंत. मग खडकाला छिन्नीनं डोंगराच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, म्हणजे दगड बाहेर घसरण्याऐवजी आत रेलतात. मग घागरभर पाणी चरात ओतायचं, काठावर बसून एक सिगारेट ओढायची. सिगारेट संपली तरी पाणी एका जागी साचून राहिलेलं दिसलं की हा पुन्हा आत उतरलाच. लोक वैतागत. "अरे दाहिर, बांध घालतोस की विहीर पाडतोस?" तो म्हणायचा, "पाणी काय म्हणतंय ते ऐकून घेतो. नंतर ऐकावं लागलं तर महागात पडतं."

आणि पाया तयार झाला की टाच. पहिला दगड बसायच्या आधी ज्याची जमीन त्यानं पायताण काढून चरात उतरायचं, खडकावर तीनदा टाच मारायची आणि मोठ्यानं म्हणायचं, 'धरलं.' मालकानं 'धरलं' म्हटलं की मुअल्लिमनं पायाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही, कधीही, कुणापाशीही. पाया मालकाच्या शब्दावर, भिंत मुअल्लिमच्या नावावर. गावाची रीतच तशी. कुणाच्या जमिनीखाली काय आहे हे ज्याला ठाऊक असतं त्यानं गप्प बसावं, हे एका परीनं शहाणपणाचंच.

सहा वर्षांपूर्वी अफीफाच्या धाकट्या बहिणीचा, नुहादचा, कॅनडाहून फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते. "अफीफा, मला घरी येऊन बसायचंय. अंजिराखाली. समुद्र दिसतो तिथं." ती पुढच्या आठवड्यात रविवारी येणार होती. आणि अंजिराखालचा टप्पा तर मागच्याच हिवाळ्यात अर्धा ढासळलेला.

अफीफानं दाहिरला बोलावलं. तो आला, बघून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून खणायला लागला. चौथ्या दिवशी त्याची पहार थांबली. अफीफा वरून ओरडली, "झालं का?"

"बाई, खाली या जरा."

चराच्या तळाशी मांडीएवढं जाड तुतीचं मूळ आडवं पसरलं होतं. वर वडिलांच्या वेळची रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती होती. ती दोन वर्षांपूर्वी अफीफानंच तोडायला लावली होती. झाड गेलं, मूळ राहिलं.

"हे काढावं लागेल," दाहिर म्हणाला. "पार आतपर्यंत गेलंय. त्याच्यामागं जायचं, मग त्याच्याखाली खडक शोधायचा. आठ-दहा दिवस."

"आज बुधवार आहे, मुअल्लिम. रविवारी नुहाद येतेय."

"रविवारी येऊ देत. वरच्या अंगणात बसतील."

"वरच्या अंगणातून समुद्र दिसत नाही!"

 दाहिर मुळावर बसून बोटं पुसत राहिला.

"अहो, लोखंडासारखं आहे ते. बघा." अफीफानं चपला काढल्या आणि साठी ओलांडलेली ती बाई स्कर्ट आवरत चरात उतरली. मुळावर एकदा, दोनदा, तीनदा टाच मारली. हाडापर्यंत झिणझिण्या गेल्या. "धरलं!"

"बाई, तुती कुजायला वेळ घेते. आज लोखंड आहे. चार-पाच वर्षांनी ती पावासारखी होईल."

"चार-पाच वर्षांनी!" अफीफा म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं. नुहादकडे एक उन्हाळा होता. दाहिरला ते कळलं असावं. त्यानं पहार बाजूला ठेवली आणि पहिला दगड उचलला. टाच पडली होती, शब्द गेला होता.

शनिवारी संध्याकाळी भिंत उभी होती. देखणी भिंत. मागे चिपांची भर, वर माती, मातीवर एक वेताची खुर्ची.

नुहाद त्या खुर्चीवर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बसली. शेवटी शेवटी अंजीर सोलून दिला तरी नुसता हातात धरायची. एक दिवस तिनं विचारलं, "हा बांध कुणी घातला गं? खुर्ची जराही हलत नाही." "दाहिरनं," अफीफा म्हणाली. "चार दिवसांत." तिला त्याचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो, आणि हीच खरी अडचण आहे. पुन्हा तोच बुधवार आला तर ती पुन्हा चरात उतरेल आणि टाच मारेल.

पाचव्या वर्षी भिंतीनं पोट काढलं.

आधी बोटभर, मग चांगलं गरोदर बाईसारखं. ती भिंत नेमकी चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर. रविवारी सगळं गाव तिच्याखालून जायचं, मान वर करून बघायचं, आणि मग नखलेच्या दुकानात थांबायचं.

"म्हातारपण वाईट," नखले ऑलिव्ह तोलता तोलता म्हणायचा. "हात गेला दाहिरचा. पायात दम नाही राहिला."

"त्याच्या की भिंतीच्या?" कुणीतरी विचारायचं.

"दोघांच्या!"

एकदा अफीफा तिथंच होती. आणि दाहिरही होता, दारापाशी, तंबाखूच्या पुडीसाठी थांबलेला. नखलेला तो दिसला तरी तो थांबला नाही. उलट आवाज चढवला. "काय मुअल्लिम, हल्ली पाणी काही सांगत नाही वाटतं कानात?" लोक हसले. दाहिरही हसला, थोडासा, माणूस दुसऱ्याच्या लग्नात हसतो तसा. अफीफाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित ती बोलली असती. नाही, तेही खोटं. तिनं काड्यापेटी घेतली आणि ती घरी आली. छत्तीस वर्षं तिनं पोरींना फळ्यापाशी उभं करून सांगितलं होतं, चुकलं तर चुकलं म्हणा, कुणी खात नाही तुम्हाला.

दाहिरला कामं मिळेनाशी झाली. आधी खालच्या वाडीतली गेली, मग गावातली. मत्तील एकदा अफीफाकडे आली, ओसरीवर बसली, म्हणाली, "बाई, तुमच्या भिंतीला काय झालं हो? हे काहीच सांगत नाहीत. रात्री नुसते तळहात बघत बसतात." अफीफानं तिला लिंबाचं सरबत दिलं आणि हवापाण्याचं बोलली.

या फेब्रुवारीत, तीन दिवसांच्या पावसानंतर, भिंत पडली. पडली तीसुद्धा सभ्यपणानं, दुपारी, वाटेवर कुणी नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाहिर हजर. कुणी बोलावलं नव्हतं. खांद्यावर पहार, श्वास लागलेला, ओठ निळसर. अफीफा खाली गेली तोवर त्यानं अर्धे दगड बाजूला लावले होते, मोठे एकीकडे, लहान एकीकडे, आणि चर मोकळा करत होता.

"अहो, कशाला? सत्तरी आली तुमची."

"भिंत माझी आहे," तो म्हणाला.

मग त्यानं वाकून चरातून काहीतरी ओढलं. मूळ. ते त्याच्या हातात दुमडलं, ओल्या भाकरीसारखं तुटलं. त्यानं एक हातभर तुकडा काठावर ठेवला आणि पुन्हा पहार हातात घेतली.  अफीफाला वाटलं, त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"मठातलं काम काय झालं?" तिनं विचारलं. गावाखालच्या मठाचे चौदा टप्पे नव्यानं बांधायचे होते. मूळचे दाहिरनंच घातलेले, बापानं फोडलेल्या दगडांचे. दोन वर्षांचं काम.

"शनिवारी ठरवणार आहेत फादर. त्या फादी कंत्राटदाराला देतील. सिमेंट ओतणार आहे तो." दाहिर दम खायला थांबला. "फादर म्हणतात, मुअल्लिमबद्दल ऐकलंय, पाया खचतात त्याचे. बरोबरच आहे. माणूस जे बघतो तेच बोलणार ना. पण चौदा टप्प्यांवर सिमेंट! पाणी जाणार कुठून? दहा वर्षांत सगळा डोंगर खाली येईल, बाई."

त्याला कामाची चिंता नव्हती असं नाही, पण आवाज चढला तो डोंगरासाठी. अफीफा काठावर बसली. तिचे गुडघे दुखत होते.

"गुरुवारी आपण दोघं जाऊ," ती म्हणाली. "मठात. मी सांगते फादरना. टाच माझी होती, मूळ होतं, तुम्ही नको म्हणत होता. सगळं."

दाहिरनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "रीत नाही तशी."

"तुम्ही बोलायचं नाही, ही रीत आहे. मालकानं बोलायचं नाही, असं कुठं आहे?"

तो हसला. दुकानातलं हसू नव्हतं हे. "बाईंनी गणित सोडवलंच शेवटी," म्हणाला. "मग मूळ बरोबर घेऊ. दाखवायला."

गुरुवारी सकाळी तो फाटकाशी उभा होता. चर्चचा काळा कोट, दाढी केलेली, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मूळ. अफीफानं खिडकीतून बघितलं. रात्रभर तिनं फादरपुढची वाक्यं तयार केली होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी फादरचा चेहरा दिसायचा, मग नखलेचा, मग चर्चच्या वाटेवरून मान वर करून बघणारं सगळं गाव, आणि अंजिराखालची ती खुर्ची. त्यांनी तिच्या नुहादबद्दल बोललेलं तिला सोसलं नसतं.

तिनं खिडकी उघडली. "मुअल्लिम, गुडघा फार धरलाय आज. सोमवारी जाऊ."

"शनिवारी ठरवणार आहेत ते, बाई."

"ठरवू देत की, बदलता येतं. एवढी काय घाई आहे?"

जन्मात पहिल्यांदा हे शब्द तिच्या तोंडून निघाले असतील.  दाहिरनं मान डोलावली, "बरं, सोमवारी," म्हणाला, आणि काखेतलं पुडकं सांभाळत परत गेला. त्याची पाठ अफीफाला वळणापर्यंत दिसत होती.

शनिवारी काम फादीला मिळालं. ते दाहिरला नखलेच्या दुकानात कळलं. रविवारी तो चर्चला आला नाही. सोमवारी सकाळी अफीफानं बूट घातले, खरंच घातले, नाड्या बांधल्या, आणि चर्चची घंटा वाजायला लागली. कुणी गेलं की ती जवान माणसासाठी वेगळी वाजते, म्हाताऱ्यासाठी वेगळी. ती मोजत उभी राहिली.

फादर अजून मठातच आहेत. फादीच्या माणसांनी अजून दोनच टप्पे उकरले आहेत. बारा शिल्लक आहेत. घरापासून मठ पाऊण तासाची वाट, सगळी उताराची. गुडघा दुखत असला तरी उतरता येते. चाळीस दिवसांत अफीफा बाजाराला गेली, बँकेत गेली, दोनदा डॉक्टरकडे जाऊन आली. तिकडे ती गेलेली नाही.