मूळ प्रेसिंगवाले साडू

आमच्या साडूंना जगातली कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा केलेली चालत नाही. परत उकळलेला चहा, जीर्णोद्धार झालेलं देऊळ, जुन्या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग, यांपैकी काहीही त्यांच्यासमोर आणा, ते आधी नकारार्थी मान हलवतात आणि मग काय आहे ते विचारतात. डोंबिवलीतली त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार अशी चर्चा निघाली तेव्हा बाकीचे सभासद किती चौरस फूट वाढवून मिळणार हे विचारत होते. साडूंनी उभं राहून विचारलं, "पण भिंतींची जाडी हीच राहणार का?" चर्चा तिथेच थांबली ती आजतागायत. नोकरीभर ते एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. नवीन माल तयार झाला की त्याचा एक पट्टा मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि फरक सांगायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, शेजारी धरायची सवय सुटली नाही.

आता ते रेकॉर्डी शेजारी धरतात. त्याही रॉक संगीताच्या. ज्या गावात सकाळी कुठल्या ना कुठल्या खिडकीतून पेटीचे सूर आले नाहीत तर रविवार उजाडला असं कोणी मानत नाही, तिथे हा माणूस कॉलेजपासून लांब केसांच्या विलायती मंडळींच्या गिटारी ऐकत आला आहे. स्वतःचे केस मात्र पहिल्यापासून बारीक. त्यांच्या कपाटात प्रत्येक आवडत्या रेकॉर्डच्या दोन प्रती असतात. एक मूळ प्रेसिंग, म्हणजे ती गाणी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाच छापलेली. आणि दुसरी रीइश्यू, म्हणजे तीच गाणी चाळीस-पन्नास वर्षांनी, हौशी लोकांसाठी, जाडजूड करून पुन्हा छापलेली. रीइश्यूविषयी त्यांचं मत वाईट आहे. तरीही ते ती विकत घेतात. कशाला, असं मी एकदा विचारलं. "अरे, वाईट आहे हे सिद्ध करायला ती घरात नको का?" रीइश्यूच्या जाहिरातीत वजनाचा फार गवगवा असतो, म्हणून ते नवी रेकॉर्ड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून तोलतात. वजन बरोबर भरलं की त्यांना वाईट वाटतं.

रेकॉर्ड धुण्याचाही विधी आहे. लहान बाळांचा शाम्पू आणि एसीच्या नळीतून बादलीत जमलेलं पाणी, कारण त्यात क्षार नसतात असं त्यांचं म्हणणं. धुतलेल्या रेकॉर्डी ताटाळ्यात ताटांच्या मधे वाळत उभ्या राहतात. माझ्या बायकोने एकदा तिथे ताट म्हणून हात घातला आणि काळी तबकडी बाहेर काढली. ताई, म्हणजे तिची मोठी बहीण आणि साडूंची बायको, शांतपणे म्हणाल्या, "ते पलीकडचं घे. हे सत्तरच्या आसपासचं आहे."

महिन्यातून एका रविवारी मी ठाण्याहून, कोपरीहून, त्यांच्याकडे जातो. तेव्हा परीक्षा असते. बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये एक जाड पडदा. पडद्याआड प्लेअर आणि ताई, अलीकडे स्पीकर आणि साडू. ताई दोन प्रतींपैकी मनाला येईल ती लावणार, साडू डोळे मिटून ती कुठली ते सांगणार आणि ताई निकाल देणार. सगळं लक्ष झांजेवर असतं. गाण्यात ड्रमवाला झांज वाजवतो ती मूळ प्रेसिंगमध्ये हळूहळू विरत जाते आणि रीइश्यूमध्ये तिची शेपटी तोडलेली असते, असा साडूंचा सिद्धांत आहे. मला दोन्ही शेपट्या सारख्याच वाटतात, आणि मी तसं सांगतो. "तुझा कानच मुळात रीइश्यू," ते म्हणतात. त्यांचा स्वतःचा निकाल मात्र मी गेली कित्येक वर्षं ऐकत आलो होतो. पडद्याआडून ताईंचा एकच शब्द यायचा: "बरोबर."

गेल्या वर्षी ताईंचा खांदा आखडला होता, म्हणून रेकॉर्ड उचलायला मी पडद्याआड गेलो. ताईंनी बोट दाखवलं ती रेकॉर्ड लावली. करकरीत रीइश्यू होती. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, "मूळ. झांज ऐकलीस का रे? पार शेवटपर्यंत." मी तोंड उघडायच्या आत ताई मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. सांगू नका त्यांना." त्यांनी आवाज अजिबात खाली केला नव्हता. मधे फक्त एक पडदा होता, आणि पलीकडे साडू समाधानाने पाय हलवत बसले होते. काय झालंय ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नंतर स्वयंपाकघरात ताईंनी सगळं सांगितलं. दाराची बेल ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी येत नाही. "परवा फडके रोडवर रिक्षा अगदी पायाशी येऊन थांबली. रिक्षावाला म्हणतो, काका, हॉर्न काय मिरवणुकीपुरता लावलाय का? हे मलाच विचारतात, तो काय म्हणाला. भीती वाटते हो मला."

"मग तुम्ही बरोबर कशाला म्हणता?"

"चूक म्हटलं तर रेकॉर्डी लावायच्या बंद करतील. मग दिवसभर करतील काय?"

साडूंना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्यांच्याशी कधीच सहमत नसतो, म्हणून माझा शब्द ते मानतात. ठाण्यात आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासणी करून आलेख काढला. डाव्या बाजूला रेघ ठीक होती आणि उजवीकडे, जिथे बारीक, उंच आवाज असतात, तिथे ती घाटातून उतरल्यासारखी खाली गेली होती. साडूंनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "हा माल मी पास केला नसता." बाईंनी श्रवणयंत्र दाखवलं. साडूंनी विचारलं, आत काय होतं? बाई बिचाऱ्या उत्साहाने म्हणाल्या, बाहेरचा आवाज आत घेऊन त्याचं डिजिटल करतं, नको असलेला भाग गाळतं आणि स्वच्छ करून कानात सोडतं. साडू उठून उभे राहिले. जिना उतरताना मला म्हणाले, "म्हणजे कानातच रीइश्यू बसवायची. उभा जन्म जिला नावं ठेवली ती चोवीस तास घालून हिंडू?"

तीन महिने हा विषय निघाला नाही. मी काढला की त्यांना तो ऐकू येत नसे, आणि यातलं खरं किती हे कळायला मार्ग नव्हता.

मग एका रविवारी नेहमीची परीक्षा सुरू झाली. साडू म्हणाले, "मूळ." पडद्याआड ताईंनी प्लेअर बंद केला. मग ताई मोठ्याने म्हणाल्या, "चूक."

साडूंनी डोळे उघडले. "पुन्हा लाव." ताईंनी पुन्हा मनाला येईल ती लावली. "नवी." "चूक." तिसऱ्यांदाही तेच. इमारतीपलीकडच्या रुळांवरून मेल गाडी गेली, कपाटाच्या काचा नेहमीप्रमाणे थरथरल्या. साडू उठले, पडदा बाजूला करून आत गेले आणि वाकून लेबल वाचलं. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं. ताईंनी बोटं दाखवली, आधी दोन, आणि मग जरा थांबून तीन. साडूंनी रेकॉर्ड उचलली, दोन्ही तळव्यांत कडेने धरून कव्हरमध्ये घातली आणि म्हणाले, "चहा टाक. नवा."

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "त्या बाई मंगळवारी असतात का?"

यंत्र आल्यावर पहिला आठवडा तक्रारींचा होता. पंखा इतका बोलतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्र उलगडलं की वीट पडल्यासारखं वाटतं. शेजारचा मनुष्य स्लिपर फरफटत चालतो, हे त्याला लिहून कळवावं का? मी भीतभीत झांजेचं विचारलं. "ऐकली," ते म्हणाले. "दोन्हींतली. फरक आहेसा वाटला. पण आता कानातच फेरफार आहे, त्यामुळे माझी साक्ष धरता येणार नाही. माझ्या हिशेबी मी बाद." एवढा प्रामाणिकपणा मी आमच्या कुठल्याही समीक्षकात पाहिलेला नाही.

परवा सकाळी पुन्हा फोन आला. आवाज जरा वेगळा होता. "तुला एक विचारायचं होतं. ही स्वयंपाक करताना स्वतःशी बोलते, तुला माहीत होतं?"

"नाही. तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"विचारलं ना. म्हटलं, कधीपासून स्वतःशी बोलायला लागलीस? तर म्हणते, स्वतःशी कुठे, तुमच्याशीच बोलते की. रोज." मग म्हणाले, "तीन वर्षं रे. मी बाहेर पेपर वाचत बसलेलो असायचो. म्हटलं, काय काय बोललीस ते सांग. तर म्हणाली, आता कुठलं आठवतंय. कोथिंबीर महागली, धाकट्या बहिणीचा फोन आला नाही, असलंच काहीतरी."

तेवढ्यात पलीकडे, लांबून, ताई काहीतरी म्हणाल्या. "हो, आलो," साडू म्हणाले, आणि फोन बंद न करता तसाच टेबलावर ठेवून गेले. मी लगेच कापायला हवा होता, पण थोडा वेळ कानाला लावून बसलो. भांड्यांचा आवाज, ताईंचं संथ बोलणं आणि मध्येमध्ये साडूंचं "हं". शब्द काही कळत नव्हते. मग मी फोन बंद केला.